रोव्हर्सची पाच वर्षे आणि मराठवाड्याचा वाटा

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. ही सगळी नावे छावणीची आहेत. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटचे हिंगोली हे मोठे ठाणे होते. फौज निजामाची, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा आणि खर्च निजामाच्या तिजोरीतून, असा तो बंदोबस्त होता. या फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली अशी तिची ठाणी होती. १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानच्या इंग्रजी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. वस्त्यांची नावे तेवढी राहिली.

फुटबॉलच्या लेखाची सुरुवात छावणीपासून करायला कारण आहे. आपल्या देशात हा खेळ गोऱ्या पलटणींच्या मागोमाग आला. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला, १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक. रोव्हर्सचा पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंट. पुढची पंचेचाळीस वर्षे हा चषक लष्करी संघांनी आपसांतच फिरवला. हिंदी मुलांच्या संघाला तो पहिल्यांदा मिळाला १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सला. जिथे छावणी टिकली तिथे सैनिकांचे सामने कुंपणाबाहेरून पाहणारी, हरवलेला चेंडू आणून देणारी आणि मग स्वतःच खेळू लागणारी पोरे तयार झाली. सिकंदराबाद, त्रिमुलगिरी, बोलारम या पट्ट्यात छावणी राहिली आणि फुटबॉल रुजला. हिंगोलीची छावणी रोव्हर्स सुरू झाल्यानंतर बारा वर्षांत उठली. एकाच फौजेची दोन ठाणी, बोलारम आणि हिंगोली. एकाच्या आसपास पुढे ऑलिंपिक खेळाडू निघाले आणि दुसऱ्याच्या आसपास निघाले नाहीत. मला या फरकाचे मूळ त्या १९०३ सालात दिसते.

पण हिंगोलीचे फुटबॉलशी नाते तिथे संपले नाही, आणि हेच मला आज सांगायचे आहे. कारण हिंगोली त्यानंतरही त्रेपन्न वर्षे हैदराबादचीच होती. परभणी जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याची कचेरी परभणीला, हायकोर्ट, सरकार आणि विद्यापीठ हैदराबादला. वरच्या शाळांतले शिक्षण उर्दूतून. पूर्णेहून निजामाची मीटरगेज हिंगोलीपर्यंत आली ती इथल्या कापसासाठी. ज्याला पुढे शिकायचे असेल त्याने उस्मानिया विद्यापीठाची वाट धरायची, मग तो हिंगोलीचा असो, गुलबर्ग्याचा असो की वरंगळचा. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले ते १९५८ साली. म्हणजे हैदराबाद शहराचा १९५६ पूर्वीचा इतिहास हा परक्या गावाचा इतिहास नव्हे, आपल्या राजधानीचा इतिहास आहे. आणि त्या राजधानीत १९५० ते १९५४ या पाच वर्षांत जो संघ तयार झाला, त्याच्या तोडीचा सलग पराक्रम रोव्हर्स चषकात दुसऱ्या कोणत्याही संघाला पुढे जमला नाही.

त्या संघाचे नाव हैदराबाद सिटी पोलीस.

त्याच्या घडणीत दोन माणसे आधी ओळखून घ्यायला हवीत. एक सय्यद महंमद हादी. हादींना लोक ‘रेनबो’ म्हणत, कारण ते सात खेळ खेळत. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते टेनिस खेळले, डेव्हिस चषकात देशाचे प्रतिनिधित्व केले, आणि १९३४-३५ साली रणजी करंडक सुरू झाला तेव्हा त्या स्पर्धेतले पहिले शतक हैदराबादसाठी याच हादींनी ठोकले. हैदराबाद फुटबॉल असोसिएशनची घडी बसवणाऱ्यांत ते होते. दुसरे सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. उस्मानियाचे पदवीधर, पेशाने शाळामास्तर. काचीगुड्याच्या शाळेत, दारुल उलूममध्ये, चादरघाट हायस्कुलात त्यांनी शिकवले. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. स्वतः कमर क्लबकडून खेळत. १९४३ साली ते असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत सचिव राहिले. सगळे हैदराबाद त्यांना रहीमसाहेब म्हणे.

सिटी पोलीसचा संघ १९३९चा. आधी तो सिटी अफगाण्स या नावाने खेळायचा. पोलिसांनी संघ बांधला याला व्यवहाराची बाजू होती. त्या काळी या देशात फुटबॉल खेळून पोट भरत नव्हते. मुंबईत गिरण्या, तेल कंपन्या आणि टाटांसारखी घराणी खेळाडूला नोकरी देत. कलकत्त्यात मोठे क्लब राहण्या-खाण्याची सोय आणि हातखर्चाची रक्कम देत. हैदराबादेत असा धनी कोण? पोलीस खाते. चांगले खेळणाऱ्या पोराला शिपाई म्हणून भरती करायचे, बिल्ला द्यायचा, पगार सुरू करायचा, सकाळ-संध्याकाळ मैदानावर ठेवायचे. पगार शिपायाचा, म्हणजे बेताचा. पण दरमहा मिळणारा, आणि म्हातारपणी पेन्शन. गल्लीतल्या गरीब घरांतली मुले या नोकरीसाठी जीव तोडून खेळत. आजच्या अर्थाने हे व्यावसायिक खेळाडू नव्हते, पण त्यांचे घर फुटबॉलवरच चालत होते. १९४३ साली बंगलोरला आशे गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात या संघाने रॉयल एअर फोर्सच्या संघाला हरवले आणि हैदराबादबाहेर पहिल्यांदा त्यांचे नाव झाले.

मग आले १९४८ साल. इथे मराठवाड्यातला वाचक थबकणार, आणि त्याने थबकावेच. सप्टेंबर १९४८ पर्यंतचे निजामाचे पोलीस आणि त्यांच्या आडोशाने धुमाकूळ घालणारे रझाकार यांच्या आठवणी परभणी-नांदेडच्या गावागावांत आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ज्यांची घरे जळली, ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांच्या वारसांना ‘हैदराबादचे पोलीस’ हे शब्द ऐकून प्रेम वाटावे अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. उलट बाजूही तेवढीच खरी. १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईनंतर हैदराबादच्या मुसलमान वस्त्यांत भीती पसरली होती, सरकारी नोकऱ्या डळमळल्या होत्या, हजारो लोक पाकिस्तानला निघून गेले होते. शहराचे जुने जग दोन-चार वर्षांत मोडले. त्या मोडतोडीत चेंडू खेळणारे हे शिपाई मैदानावर टिकून राहिले आणि दोनच वर्षांत मुंबई जिंकायला निघाले. मला या गोष्टीचे मोल फार वाटते. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने या खेळाडूंचाही अभिमान बाळगण्यात काही विसंगती नाही. ते रझाकार नव्हते, गोलकीपर आणि हाफबॅक होते.

रोव्हर्सचे सामने मुंबईला कूपरेज मैदानावर व्हायचे. १९५० साली रहीमसाहेबांनी पोलीस संघाची शिकवण हाती घेतली आणि त्याच वर्षी संघाने रोव्हर्स जिंकला. त्याच हंगामात दिल्लीत ड्युरँड चषकाचे सामने स्वातंत्र्यानंतर प्रथमच सुरू झाले होते. अंतिम सामन्यात समोर मोहन बागान, १९११ साली गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा, देशातला सर्वांत मानाचा संघ. पहिली लढत २-२ अशी बरोबरीत सुटली. फेरलढत पोलिसांनी १-० अशी जिंकली. एका हंगामात देशातल्या तीन मोठ्या स्पर्धांपैकी दोन हैदराबादच्या शिपायांकडे गेल्या.

पुढे १९५१, १९५२, १९५३, १९५४: चारही वर्षे रोव्हर्स त्यांचाच. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब, मुंबईचे कंपनी-संघ, बंगलोरचे हिंदुस्तान एअरक्राफ्ट, सैन्यदलांचे संघ असे सगळे या स्पर्धेत उतरत होते. १९५५ साली मोहन बागानने चषक नेला तेव्हा ही मालिका तुटली. १९५४ साली पोलिसांनी दुसऱ्यांदा ड्युरँड जिंकला, १९५७ साली रोव्हर्स आणि ड्युरँड दोन्ही पुन्हा घेतले; त्या ड्युरँडच्या अंतिम सामन्यात हरलेला संघ ईस्ट बंगाल होता. या संघाच्या नावावर पुढच्या काळासह एकूण नऊ रोव्हर्स आणि चार ड्युरँड आहेत.

हे कसे साधले? बचावात अझीझुद्दीन आणि मध्यफळीत नूर महंमद यांच्यासारखे खेळाडू होते हे खरे, पण चांगले खेळाडू कलकत्त्याकडेही होते. फरक रहीमसाहेबांच्या शिकवणीत होता. त्या काळचा आपला फुटबॉल म्हणजे चेंडू पायात आला की दोघा-तिघांना हुलकावणी द्यायची, टाळ्या घ्यायच्या आणि मग बघायचे. रहीमसाहेबांनी हैदराबादेत ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू पायात आला, समोर एक जण आला, की त्याला चकवायचे नाही. चेंडू लगेच मोकळ्या साथीदाराकडे द्यायचा आणि स्वतः पळत मोकळ्या जागेत जायचे. पहिल्या पाच-दहा मिनिटांत पोरांची धांदल उडणार हे उघड आहे, कारण चेंडू येण्याआधीच मान वर करून कोण कुठे आहे हे पाहून ठेवावे लागते. हेच त्यांना हवे होते. चेंडू आल्यावर विचार करणारा खेळाडू आणि चेंडू येण्याआधी विचार करून ठेवलेला खेळाडू यांत जो फरक असतो, तो त्यांनी नियमानेच घडवला.

दुसरी स्पर्धा कमजोर पायाची. उजव्या पायाने खेळणाऱ्याने फक्त डाव्या पायाने मारायचे. तिसरी बुटक्या पोरांची: ठरावीक उंचीच्या आतल्यांनाच प्रवेश, म्हणजे धिप्पाड मुलांच्या रेट्यात हरवून जाणारी हुशार पोरे डोळ्यांपुढे यावीत. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नव्हता. लागत होती शाळामास्तराची नजर, वर्गातल्या कच्च्या मुलाला त्याच्या कच्च्या विषयातच पक्के करणारी. रहीमसाहेब देशाच्या संघाचे शिक्षक झाल्यावरही मुळात शाळेचेच राहिले, असे मला त्यांच्या पद्धतीकडे पाहताना वाटते.

त्यांच्या नजरेचे सर्वांत मोठे फळ तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या खेड्यातला तमिळ घरातला मुलगा. छावणीचा शेजार, घरात गरिबी, पायांत बूट नाहीत. रहीमसाहेबांनी त्याला एका सामन्यात पाहिले आणि शहरात सरावाला यायला सांगितले. मुलाने अडचण सांगितली: अम्मुगुड्याहून हैदराबाद पंधरा-वीस किलोमीटर, रोजच्या जाण्यायेण्याला पैसे कुठून आणायचे? रहीमसाहेबांनी त्याला भाड्याची सायकल घ्यायला पैसे दिले. बलराम ही गोष्ट म्हातारपणीही सांगत असत. त्या सायकलीवरून सरावाला येणारा मुलगा दोन-तीन वर्षांत हैदराबाद राज्याच्या आणि मग देशाच्या संघात गेला. डाव्या बाजूने खेळणारा, बारीक अंगाचा, चेंडू इतका अचूक देणारा की पुढच्याने फक्त पाय लावावा. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम हे त्रिकूट भारतीय फुटबॉलच्या आघाडीचे आजही सर्वोत्तम मानले जाते. त्यांतला एक आपल्या जुन्या राज्याचा.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १-० असे हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक घेतले तेव्हा संघाचे शिक्षक रहीमसाहेबच होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुतले. थंडी, ओले मैदान आणि आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. त्या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी मात्र हेलसिंकीहून आणखी एक गोष्ट आणली. तिथे सुवर्णपदक हंगेरीने जिंकले होते, आणि हंगेरीचा मधला आघाडीवीर पुढे गोलजवळ न थांबता मागे येऊन चेंडू वाटत होता; त्याच्यावर नजर ठेवणारा बचावपटू जागा सोडून पुढे येई आणि मागे भगदाड पडे. रहीमसाहेबांनी ही चाल हैदराबादला परतून आपल्या शिपायांना शिकवली. युरोपातले नामांकित संघ अजून या चालीवर उपाय शोधत होते त्या दिवसांत हैदराबादचे पोलीस ती खेळू लागले होते.

आता १९५६. या सालावर मला जरा थांबायचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, गुलबर्गा-रायचूर-बिदर म्हैसूर राज्यात, आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात. परभणीबरोबर हिंगोलीही आली. मराठी माणसाच्या दृष्टीने ही न्यायाची, हक्काची गोष्ट होती आणि तिच्यासाठी लोक झगडले होते. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा हा आशियातला पहिला संघ. तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे, ऑलिंपिकमधली कोणत्याही आशियाई खेळाडूची पहिली हॅटट्रिक. संघाचा गाभा हैदराबादचा: अझीझुद्दीन, नूर महंमद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, बलराम. शिक्षक रहीमसाहेब. पुढे युगोस्लाव्हियाने ४-१ आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरवले. भारत चौथा आला. एवढी मजल भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी मारली नाही. हे खेळाडू तयार झाले त्या राज्याचे नाव एक महिन्यापूर्वी नकाशावरून गेले होते.

त्याच हंगामातली राष्ट्रीय स्पर्धा, संतोष करंडक, त्रिवेंद्रमला झाली. अंतिम सामन्यात समोरासमोर कोण? हैदराबाद आणि मुंबई. पहिली लढत बरोबरीत, दुसरी हैदराबादने ४-१ अशी जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम सामना हैदराबादलाच झाला, पुन्हा हैदराबाद आणि मुंबई, पुन्हा हैदराबादचा विजय, ३-१. हिंगोलीचा फुटबॉलप्रेमी असेल तर त्याने कोणाच्या बाजूने ओरडायचे? नोव्हेंबरपर्यंत त्याचे राज्य हैदराबाद होते, आता मुंबई. त्याच्या जुन्या राज्याने त्याच्या नव्या राज्याला लागोपाठ दोन वर्षे हरवले. मराठवाड्याच्या दुहेरी वारशाचे याहून नेमके चित्र मला दुसऱ्या कुठल्या घटनेत सापडलेले नाही. १९६३-६४ साली महाराष्ट्राने संतोष करंडक पहिल्यांदा आपल्या नव्या नावाने जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातला हरलेला संघ आंध्र प्रदेश होता. म्हणजे ती उधारीही फिटली.

राज्य गेल्यावर पोलिसांच्या संघाचेही नाव बदलून आंध्र प्रदेश पोलीस झाले. १९६० साली या नावाने त्यांनी रोव्हर्स जिंकला, १९६१ साली ड्युरँडच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवले, १९६२ साली रोव्हर्स ईस्ट बंगालबरोबर वाटून घेतला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने फ्रान्सला १-१ असे रोखले; हंगेरी आणि पेरूविरुद्धचे भारताचे दोन्ही गोल बलरामचे होते. त्या संघात रहीमसाहेबांचा मुलगा एस. एस. हकीमही होता, मात्र त्याला एकाही सामन्यात मैदानावर उतरवले गेले नाही. शिक्षक बाप आणि राखीव मुलगा. या बाबतीत रहीमसाहेबांची शिस्त काय होती हे एवढ्यावरून कळते.

मग १९६२, जकार्ता. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला, भारताचे ऑलिंपिक प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली आणि सगळे जकार्ता भारतावर उलटले. आपल्या खेळाडूंना बसमधून जाताना खाली वाकून बसावे लागे. रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. मग थायलंडला ४-१, जपानला २-० आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२. थायलंडच्या सामन्यात जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि टाके पडले. तो मुळात बचावपटू. जखमी डोक्याने बचाव कसा करणार? रहीमसाहेबांनी त्याला आघाडीला खेळवले. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. अख्खे स्टेडियम भारताच्या विरोधात आरडाओरडा करीत होते. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, जर्नेलने दुसरा. २-१. आशियाई खेळांतले भारताचे ते दुसरे फुटबॉल सुवर्णपदक, आणि आजवरचे शेवटचे. गोलकीपर थंगराज आजारी असूनही खेळला. बलराम, युसूफ खान ही हैदराबादची मंडळी मैदानात होती. संघातला फॉर्च्युनाटो फ्रँको मुंबईच्या टाटा संघाचा.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब गेले. वय त्रेपन्न. त्याच वर्षी त्यांच्या पोलिसांनी रोव्हर्स पुन्हा जिंकला. त्यानंतर मात्र तो कधी त्यांच्या हाती लागला नाही.

खेळाडूंचे पुढे काय झाले? बलराम १९५७ सालीच ईस्ट बंगालला गेला होता. हैदराबादची मुले कलकत्त्याला जायची प्रथा त्याच्याआधीही होती, आता ओघ वाढला. शिपायाच्या पगारापुढे कलकत्त्याचे पैसे कितीतरी जास्त. त्यांना दोष कोण देईल? संसार त्यांनाही होता. १९६२ साली बलरामला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि वर्षभरात छातीच्या दुखण्याने, ऐन सत्ताविशीत, खेळ सोडावा लागला. तो पुन्हा हैदराबादला राहायला आला नाही. बंगालमध्येच, उत्तरपाड्याला, एकटा राहिला आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी वारला. युसूफ खान ज्या डोक्याने चेंडू उडवत असे त्याच डोक्याच्या दुखापतींनी पुढे कंपवाताने आजारी झाला. २००६ साली गेला. नईमुद्दीन, महंमद हबीब, शब्बीर अली ही पुढच्या पिढीची हैदराबादी नावेही कलकत्त्यातच मोठी झाली. १९७०च्या बँकॉक आशियाई खेळांत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारताचा कर्णधार नईमुद्दीन होता. १९७७ साली ईडन गार्डन्सवर पेलेचा कॉसमॉस संघ मोहन बागानशी खेळला आणि २-२ अशी बरोबरी झाली, त्या मोहन बागानमध्ये हबीब होता. हकीम हवाई दलात अधिकारी झाला, आंतरराष्ट्रीय पंच झाला, आणि २०२१ साली गुलबर्ग्याला वारला. गुलबर्गाही आपल्याच जुन्या राज्याचे. रोव्हर्स चषकाचे सामनेही एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी बंद पडले. हैदराबादेत असा कोणी धनी उरला नाही जो गल्लीतल्या पोराला नोकरी देऊन मैदानावर ठेवील.

पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांनी एक वेगळाच दुवा जुळला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ साली बंद पडला आणि त्याची जागा घेऊन हैदराबाद एफसी उभा राहिला. पुण्याचे बरेच खेळाडू हैदराबादचे झाले. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर या संघाने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून लीग जिंकली. बरोबरीचा गोल गोव्याच्या साहिल तावोराचा, तीन पेनल्टी अडवणारा गोलकीपर गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी, आणि विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता. हैदराबादच्या नावावर असे मोठे यश कित्येक दशकांनी आले. पण हा संघही तिथे टिकला नाही. मालकी बदलली आणि २०२५ साली संघ दिल्लीला गेला. सिटी पोलीसचे नाव सरकारने राज्य मोडले तेव्हा बदलले, हैदराबाद एफसीचे मालक बदलल्यावर. पहिल्यामागे शहराची गल्ली न् गल्ली होती म्हणून तो नाव बदलूनही पाच-सात वर्षे जिंकत राहिला. दुसऱ्यामागे तशी मुळे धरायला वेळच मिळाला नाही.

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून स्वतंत्र जिल्हा झाली. जिल्ह्याची ओळख सांगताना आपण औंढा नागनाथ सांगतो, संत नामदेवांचे नर्सी सांगतो, दसऱ्याचा उत्सव सांगतो, मुक्तिसंग्रामातले हुतात्मे सांगतो. हे सगळे सांगायलाच हवे. त्यात १९५० ते १९५४ या पाच रोव्हर्सची एक ओळ का नसावी? ज्या राज्याचा कर हिंगोलीच्या कापसावर बसत होता, त्याच राज्याच्या खजिन्यातून त्या शिपायांचा पगार निघत होता. कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात, मुंबईचा मुंबईकर. मराठवाड्याचा फुटबॉल-इतिहास विचारला की आपण गप्प बसतो, कारण तो हैदराबादच्या नावाने लिहिलेला आहे. तो आपणही लिहायला हवा.

रहीमसाहेबांची पद्धत मात्र कोणत्याही राज्याच्या वाटणीत गेली नाही. तिला स्टेडियम लागत नाही, हिरवळ लागत नाही, मालक लागत नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाचही तालुक्यांत शाळा आहेत, शाळांना पटांगणे आहेत, पावसाळ्यानंतर ती खेळण्याजोगी असतात. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. पोलीस खात्याने खेळाडू सांभाळायचे असतात याचा धडा याच जुन्या राज्याने देशाला दिला होता. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर एक स्पर्धा भरवावी. वय चौदाच्या आत, मैदान लहान, दोन्ही बाजूंना सहा-सहा मुले, आणि नियम एकच: ड्रिबलिंग केले की चेंडू समोरच्याला. मुलींचीही वेगळी भरवावी. बक्षीस म्हणून ढाल ठेवायची असेल तर तिच्यावर सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव घालावे, आणि खाली ते उस्मानियात शिकले, शाळेत शिकवले आणि भारताला दोन आशियाई सुवर्णपदके मिळवून दिली, एवढे लिहावे.